मिठाचा अंदाज

पिवळे पान म्हणजे उपाशी झाड, हे ज्ञान मी पन्नास वर्षे उराशी बाळगून होतो. त्याचा फटका बसला माझ्या पुतण्याला.

शिरूरला गावाबाहेर त्याने शेडनेट उभारून, नळ्यांतून पाणी खेळवून, मातीवाचून सॅलडची पाने लावली. त्यापायी वहिनींच्या पाटल्या बँकेत गेल्या होत्या. वैशाखात त्याचा फोन आला, तसा मी दौंडहून चौफुला, न्हावरे करीत तेथे पोहोचलो. पाहतो तो कोवळी पाने पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. “अरे, खत कमी पडतंय. वाढव!” मी फर्मावले. काका शेतकरी, म्हणून त्याने वाढवले. चार दिवसांत पानांच्या कडा करपल्या.

मग त्याने दोन लहानशी यंत्रे आणली. एक पाण्यातील क्षारांची तीव्रता, म्हणजे ईसी, सांगते. दुसरे आंबटपणा, म्हणजे पीएच. सॅलडला ईसी साधारण १.२ ते १.८ आणि पीएच ५.५ ते ६.५ मानवतो. आमचे बोअरचे पाणीच, खताचा कण न घालता, १.१ निघाले! त्यावर त्याचे खत, त्यावर माझा सल्ला. काटा गेला ३.४ वर. पीएच ७.८.

हे गणित मला वहिनींच्या काकडीने समजावले. चिरलेल्या काकडीला मीठ लावले की पाणी सुटते ना? तसेच भोवतालचे पाणी खारट झाले की मुळांना ते ओढणे जड जाते. पाण्यात पाय सोडून बसलेले झाड तहानेने कोमेजते. उन्हाळ्यात तर ते पाणी भराभर पिते, क्षार मागे राहतात, आणि कोणी काही न घालता द्रावण तिखट होत जाते.

पिवळेपणाचे कारण मात्र निराळे. लोह टाकीत होते. पण पीएच इतका चढल्यावर ते विरघळलेले राहत नाही आणि मुळांच्या हाती लागत नाही. जुन्या पानांतले लोह झाडाला नव्याकडे सहसा वळवता येत नाही, म्हणून पिवळी पडतात ती कोवळीच. पुतण्याने फॉस्फरिक आम्ल थेंबाथेंबाने घातले. संध्याकाळी ६ वर आणलेला पीएच सकाळी पुन्हा ७ च्या पुढे! कठीण पाण्यातले बायकार्बोनेट आम्ल गिळून बसते.

मातीवाचून झाडे वाढविणे तसे जुने. जर्मनीत यूलिउस फॉन साक्सने १८६० च्या सुमारास ती क्षारांच्या द्रावणात वाढविली. आपल्याकडे कालिंपाँगला १९४६ साली शोल्टो डग्लसने प्रयोग मांडले. पण मला शहाणे व्हायला इतके लांब जायला नको होते. दौंडकडच्या आमच्या रानात कालव्याचे पाणी आले, तेव्हा उसाला आम्ही ते मोजमापाविना सोडले. पुढे काळ्या मातीवर पांढरा खार फुटला. ते रान मीच पड टाकले होते, आणि शिरूरला जाऊन पुन्हा “वाढव” म्हणालो.

आषाढात पुतण्याने पत्र्यावरचे पावसाचे पाणी साठवून निम्मे-निम्मे मिसळले. ईसी १.६, पीएच ६. नवी पाने हिरवी आली.

एक पाटली अजून बँकेतच आहे. परवा वहिनींनी त्या पानांची कोशिंबीर वाढली, ती अळणीच. मिठाची वाटी माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, “भाऊजी, बेताने घ्या हं.”