दोन-दोनची घरं

निवडणुकीची आचारसंहिता लागली की माझ्याकडे पट्टे येतात. परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा झालेल्या असतात, आणि एरवी खुंटीवर लोंबणारा काडतुसांचा पट्टा तेव्हा माणूस पहिल्यांदा निरखून बघतो. कुठे शिवण उसवलेली, कुठे काडतूस बसायचं घर ढिलं झालेलं. येणारे बहुतेक आजरा-चंदगडकडचे शेतकरी, पीक संरक्षणाचा परवाना असलेले. बँकांचे आणि रोकड नेणाऱ्या गाड्यांचे रक्षक मात्र वर्षभर अधूनमधून येत राहतात. बंदूक दोघांचीही तीच, बारा बोअरची दुनळी.

जादा काडतूस अंगावर कसं बाळगावं, याचा विचार मी तीस वर्षं करतोय. बंदुकीत दोन असतात. ती उडाली की माणूस आणि त्याचा हात, एवढंच उरतं. तो हात अंधारात, घाईत, डोळे समोर रोखलेले असताना कुठे जातो, यावर मी माझा पट्टा बेततो. म्हणून माझ्या पट्ट्यात घरं सरसकट एका ओळीत नसतात. दोन घरं, मग बोटभर मोकळी जागा, पुन्हा दोन घरं. दुनळीला एका वेळी दोन लागतात. बोटांना ती जोडी न मोजता सापडते, आणि किती जोड्या उरल्या हेही नुसत्या चाचपण्यानं कळतं.

ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकलो, त्या आबांनी हे मला शिकवलं नाही. ते सलग पंचवीस घरं शिवायचे. घर बसवायची रीत मात्र त्यांचीच. काडतुसाचं अंग वीस मिलिमीटरच्या किंचित वर असतं. तेवढ्याच जाडीच्या बाभळीच्या खुंट्या आम्ही घासून ठेवल्यात. ओल्या पट्टीला खुंटीभोवती वेढा द्यायचा, दोन्ही बाजूंनी आरीनं भोकं पाडून मेणाच्या दोऱ्यानं शिवायचं आणि खुंटी आतच ठेवून दोन दिवस सावलीत वाळवायचं. पितळी बुडाची कड अंगापेक्षा रुंद असते, म्हणून घरं फार जवळ शिवली तर कडा एकमेकींवर चढतात आणि एक ओढताना शेजारचं अडतं. पितळ नेहमी वर. कड घराच्या तोंडाशी टेकते, काडतूस खाली निसटत नाही, आणि ओढायला बोटांना धर मिळतो.

पहिल्या वर्षी मी एक पट्टा घाईनं दिला. कातडं पुरतं वाळलं नव्हतं. पुढे ते सैल पडलं. गिऱ्हाईक रात्री उसाच्या कडेनं तारेखालून वाकून गेला आणि घरी येऊन बघतो तर एक काडतूस कमी. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून त्यानं सगळा बांध पालथा घातला, कारण त्याच वाटेनं पोरं शाळेला जायची. काडतूस सापडलं. तो माझ्यावर ओरडला नाही, पट्टा पुढ्यात ठेवून गेला. तेव्हापासून खुंटी घातलेला पट्टा उलटा धरून झटकल्याशिवाय मी दुकानाबाहेर जाऊ देत नाही.

खिशात काडतुसं ठेवणाऱ्यांना मी भांडून सांगतो की खिसा ही जागा नव्हे. तिथे किल्ल्या असतात, तंबाखूची डबी असते. बटाला चढवायची पाच घरांची बाही चांगली; बंदूक उचलली की काडतुसं सोबत आलीच. पण तिच्यावर सगळी भिस्त नको. दिवसभर स्टुलावर बसणाऱ्या रक्षकाला कंबरेचा पट्टा पोटात रुततो, त्याला खांद्यावरून तिरका हवा. शेतकऱ्याला तिरका नको. वाकला की तो पुढे लोंबतो, झाडोऱ्यात अडकतो. भरलेली पंचवीस काडतुसं किलोच्या वर जातात. तेवढं वजन चिखलात कंबरेनंच पेलावं.

एक काम मी साफ नाकारतो. एकाच पट्ट्यात बारा आणि वीस बोअरची घरं. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर एकीची जेवढी जाडी, तेवढी बारा बोअरची नळी; म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक. वीसचं काडतूस बाराच्या कोठीतून पुढे घसरतं आणि जिथे नळी अरुंद होते तिथे अडकतं. वरून कोठी रिकामी दिसते. घाईत माणूस मागून बाराचं भरतो, चाप ओढतो आणि नळी हातात फुटते. म्हणूनच वीसची काडतुसं पिवळी करायचा प्रघात आहे. पण रात्री बांधावर पिवळं कुणाला दिसणार? दोन बंदुका असतील तर दोन पट्टे शिवा, वेगळ्या रुंदीचे, म्हणजे हातालाच फरक कळेल. पैसे कमी घेईन, पण मिसळ करणार नाही.

आणि भरलेला पट्टा खुंटीवर टांगू नये. आमचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं. त्याचा तुरट अंश पितळाला खातो. कोकणच्या बाजूनं आलेल्या एका पट्ट्यातून मी काडतुसं काढली, ती खडकीच्या कारखान्यातली होती, तर बुडाभोवती हिरवा जंगाल दाटून बसलेला. एक तर ओढूनही निघेना, शेवटी घरच कापावं लागलं. असं कळकलेलं काडतूस नळीत धड बसत नाही, आणि वेळेला तेच हाताला येतं. काडतुसं कोरड्या डब्यात कुलपाखाली, पट्टा वेगळा. निघताना मोजून भरायचा, आल्यावर मोजून रिता करायचा. परवान्यावर संख्या लिहिलेली असतेच. ती माणसाच्या तोंडातही असावी.

पट्टा देताना मी गिऱ्हाइकाला बांधून उभा करतो. घरांत लाकडी काडतुसं घालतो आणि म्हणतो, आता डोळे मिटा, जोडी काढा. गेल्या महिन्यात एक जुने सुभेदार आले, बँकेच्या दारावर उभे असतात. पट्टा मीच दहा वर्षांपूर्वी शिवलेला, एक टाका हललेला नव्हता. डोळे मिटून त्यांनी हात नेला, तर बोटं पहिल्या जोडीच्या चार बोटं अलीकडेच थांबली. "मास्तर, खांदा आता तेवढा मागं जात नाही," ते म्हणाले. मी रापी घेतली, पहिल्या दोन जोड्या उसवल्या आणि खडूनं नवी खूण केली. खूण त्यांच्या बोटांखालीच केली, डोळे मिटलेलेच ठेवून.