स्वसंरक्षणाची विद्या निवडताना : तालीम, ज्युदो आणि मुष्टियुद्ध

कर्जत तालुक्यातील कोपर्डी येथे 13 जुलै 2016 रोजी एका शाळकरी मुलीवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली, आणि त्यानंतर अहिल्यानगर जिल्ह्यातील पालकांच्या दृष्टीने मुलींनी स्वसंरक्षण शिकावे की नाही हा प्रश्न हौसेचा उरला नाही. अशा गुन्ह्याची जबाबदारी सर्वस्वी गुन्हेगाराची असते, आणि एकट्या मुलीला एकापेक्षा अधिक पुरुषांपुढे कोणतीही युद्धकला खात्रीने वाचवते असे सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. तरीही पकडलेला हात सोडवता येणे, ढकलले गेल्यावर तोल सावरणे, पडल्यावर तत्काळ उठून पळता येणे या क्षमता अभ्यासाने निश्चित वाढतात, आणि कोणती विद्या त्या सर्वाधिक वाढवते याचे उत्तर तिच्या नावात नसून सरावाच्या पद्धतीत आहे.

ही गोष्ट प्रथम स्पष्टपणे अमलात आणली ती जपानच्या जिगोरो कानो यांनी. त्यांनी 1882 मध्ये ज्युदोची स्थापना करताना जुन्या जुजुत्सूतील सर्वांत घातक डाव मुक्त सरावातून वगळले, कारण जो डाव जोडीदाराला इजा झाल्याशिवाय पूर्ण करताच येत नाही त्याचा सराव नेहमी अर्धवट आणि जोडीदाराच्या संमतीनेच होतो. उरलेले डाव मात्र पूर्ण ताकदीने, विरोध करणाऱ्या जोडीदारावर रोज करता येऊ लागले; या मुक्त झुंजीला जपानी भाषेत ‘रांदोरी’ म्हणतात. वरवर सौम्य दिसणारी विद्या यामुळेच प्रत्यक्षात अधिक उपयोगी ठरली. डोळ्यांत बोटे घालण्याचा डाव हवेत हजार वेळा करणाऱ्यापेक्षा साधी पकड शंभर विरोधकांवर लावलेला माणूस संकटात अधिक विश्वासाने हालचाल करतो, कारण धडधडणारी छाती, तुटलेला श्वास आणि फसलेला पहिला डाव या तिन्ही गोष्टींची त्याला आधीच सवय झालेली असते.

या कसोटीवर नगर जिल्ह्याच्या हाताशी असलेली सर्वांत भक्कम विद्या म्हणजे कुस्ती होय. गावोगावच्या यात्रांत भरणारा ‘हगामा’, म्हणजे इनामी कुस्त्यांचा आखाडा, हे तिचे दर्शनी रूप आहे. तिची खरी घडण तालमीत वस्तादांच्या देखरेखीखाली रोज होणाऱ्या लढतींत होते. खडाखडीत, म्हणजे उभ्याने एकमेकांचा अंदाज घेत चाललेल्या झटापटीत, मान आणि मनगट सोडवण्याचा सराव आपोआप होत राहतो, ‘पट काढणे’ या डावात समोरच्याचे पाय पकडून त्याला खाली आणले जाते, आणि पाठ जमिनीला टेकू न देण्याची जिद्द अंगात मुरते. फेब्रुवारी 2025 मध्ये महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत नगरच्या वाडिया पार्कवर झाली, आणि त्याच वर्षी महिला महाराष्ट्र केसरीचा किताब याच जिल्ह्याच्या भाग्यश्री फंड यांनी मिळवला, त्यामुळे कुस्ती ही मुलांचीच विद्या आहे हा आक्षेप आता टिकत नाही.

तरीही कुस्तीत उणिवा आहेत, आणि त्या लपवणे विद्यार्थ्यांच्या हिताचे नाही. तीत ठोसा नाही, त्यामुळे चेहऱ्याकडे येणाऱ्या हाताची सवय होत नाही. गळा आवळण्यास मनाई असल्याने गळ्याचा बचावही शिकवला जात नाही. गुण जाऊ नयेत म्हणून गादीवर पोटावर पालथे पडून राहण्याची जी सवय लागते ती रस्त्यावर घातक आहे, कारण तिच्यामुळे पाठ आणि मान हल्लेखोराच्या हाती जाते. शिवाय पहिलवान लंगोटावर लढतो, तर प्रत्यक्षात पकड ओढणीवर, बाहीवर किंवा कॉलरवर पडते. जाड अंगरख्यावर पकड घेऊन फेकणारा ज्युदो नेमकी ही उणीव भरून काढतो, आणि सुरक्षितपणे पडण्याचे जे पद्धतशीर शिक्षण तो देतो ते तर कोणत्याही वयात उपयोगी पडते. ठोशांची भीती घालवण्यासाठी काही महिन्यांचे मुष्टियुद्ध पुरेसे होते. मात्र हातमोज्यांशिवाय कवटीवर मारलेल्या मुठीने मारणाऱ्याच्याच हाताची हाडे मोडू शकतात, म्हणून उघड्या हाताने तळव्याचा मनगटालगतचा भाग वापरायला शिकावे.

जिल्ह्यात सर्वांत सहज सापडतात ते कराटेचे वर्ग. त्यांतील जे वर्ग संरक्षक साधने घालून खरा संपर्क होऊ देतात ते उत्तम असतात. जे केवळ ‘काता’, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, पट्ट्यांच्या परीक्षा आणि गॅदरिंगमधील कौले फोडणे एवढ्यावर थांबतात ते शिस्त आणि व्यायाम देतात, बचाव देत नाहीत. मर्दानी खेळ हा मोलाचा वारसा आहे आणि त्यातील लाठी रात्री पाणी धरायला जाणाऱ्या शेतकऱ्याच्या खरोखर कामाची आहे, परंतु दांडपट्टा जपायचा तो परंपरा म्हणून. शाळांतून समग्र शिक्षा योजनेखाली मुलींना दिले जाणारे तीन महिन्यांचे आत्मरक्षा प्रशिक्षण ही चांगली सुरुवात आहे. तिच्यामागे वर्षभराचा सराव नसेल तर शिकलेले हातातून निसटते.

कायद्याची माहिती हाही या शिक्षणाचा भाग असावा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची कलमे 34 ते 44 खासगी संरक्षणाचा हक्क सांगतात. धोक्याची वाजवी भीती निर्माण होताच हा हक्क सुरू होतो, परंतु बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करण्याची मुभा तो देत नाही. पळून जाणाऱ्याचा पाठलाग करून मारणे हा बचाव नव्हे, हे प्रत्येक प्रशिक्षकाने पहिल्याच आठवड्यात सांगितले पाहिजे, आणि सुटका होताच 112 या क्रमांकावर मदत मागण्याची सवयही लावली पाहिजे.

पालकांनी फी भरण्यापूर्वी तासभर वर्गात बसून विद्यार्थी विरोध करणाऱ्या जोडीदाराशी भिडतात की नाही एवढे पाहावे. गावात चांगली तालीम असेल तर प्रथम तिचाच विचार करावा, त्यानंतर ज्युदो आणि मुष्टियुद्धाचा. आणि ज्या तालमींची दारे मुलींसाठी अजून उघडलेली नाहीत, त्यांच्या वस्तादांनी व ग्रामपंचायतींनी संध्याकाळचा एक तास, कपडे बदलण्यासाठी एक बंद खोली आणि शक्य तेथे एक महिला प्रशिक्षक एवढी व्यवस्था या वर्षीच करावी.