पसरणीच्या घाटात, पन्नाशीनंतर

साताऱ्याहून वाईकडे जाताना पाचवडला महामार्ग सोडला, की रस्त्याचा स्वभाव बदलतो. दोन्ही बाजूंना ऊस आणि हळदीची शेते लागतात, समोर डोंगरांची रांग स्पष्ट होत जाते आणि थोड्याच वेळात कृष्णाकाठचे वाई येते. मराठी विश्वकोशाचे हे गाव. घाटांवरची मंदिरे आणि ढोल्या गणपती मागे टाकून पुढे निघावे, तर शाहीर साबळे यांचे जन्मगाव पसरणी लागते. तेथून घाट सुरू होतो. वाई ते पाचगणी हे अंतर जेमतेम बारा-तेरा किलोमीटर. पण तेवढ्यात आपण सुमारे सहाशे मीटर वर चढतो. प्रत्येक वळणावर धोम धरणाचे पाणी थोडे अधिक खाली गेलेले दिसते.

वाचकहो, हा घाट मी तरुणपणी कितीदा चढलो याची गणती नाही. एम.बी.बी.एस. झाल्यावर ग्रामीण भागात नोकरी करीत असताना माझ्याकडे एक जुनी बुलेट होती. पुढे दवाखाना, संसार, मोटारगाडी असे एकेक आले आणि बुलेट विकली गेली. पंचवीस वर्षांनी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, मी पुन्हा मोटारसायकल घेतली. पुस्तकांचे गाव म्हणून २०१७ पासून ओळखले जाणारे भिलार पाचगणीच्या पलीकडे आहे. तेथवर एकट्याने जाऊन यावे, असे नोव्हेंबरातल्या एका रविवारी ठरवले. ‘सायकल आणि पोहणे माणूस विसरत नाही,’ असे म्हणतात. मोटारसायकलही त्यातच येत असणार, अशी माझी समजूत होती.

घाट निम्मा चढून झाला असताना एका वळणापुढे माकडाचे पिल्लू कठड्यावरून रस्त्यात उतरले. मी सर्व बळ एकवटून ब्रेक दाबला, तो डाव्या पायाने. जुन्या बुलेटला ब्रेक डाव्या पायाशी आणि गिअर उजव्या पायाशी असे. आताच्या गाड्यांना याच्या नेमके उलट असते. हे मला ठाऊक होते आणि सकाळपासून मी गाडी नीटच चालवीत होतो. मात्र घाबरण्याच्या त्या क्षणी पायाने पंचवीस वर्षांपूर्वीचा धडा म्हणून दाखवला. गिअर खाली पडला, गाडीने जोराचा हिसका दिला आणि मागचे चाक किंचित सरकले. चढ होता, वेग तीसच्या आत होता आणि उजव्या हाताची बोटे पुढच्या ब्रेकवर होती, म्हणून गाडी थांबली. पिल्लू दोन हातांवरून पळून गेले.

रुंद जागा पाहून मी गाडी बाजूला लावली आणि सवयीने मनगटावर बोटे ठेवली. नाडी एकशे तीसच्या घरात होती. हीच घटना उतारावर घडली असती तर, किंवा पत्नी मागे बसलेली असती तर, हा प्रश्न मनातून जाईना. भिलार तासाभराच्या आत होते आणि परत फिरायला संकोच वाटत होता. अखेर गाडी वळवली आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश घाट उतरलो. घरी सारे सांगितले, तेव्हा पत्नी एवढेच म्हणाली, “अहो, परत फिरलात तेवढं मात्र बरं केलंत.”

त्या संध्याकाळी मला आणखी एका गोष्टीने अस्वस्थ केले. वयाची चाळिशी उलटल्यावर वाहन परवान्याच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. त्याला नमुना १-अ म्हणतात. असे कितीतरी नमुने मी वर्षानुवर्षे भरून दिले आहेत. स्वतःच्या शरीराला मात्र त्यातला एकही प्रश्न मी विचारला नव्हता. दुसऱ्या दिवशी एका डॉक्टर मित्रापुढे रुग्ण म्हणून बसलो. चष्म्याचा नंबर बदलला होता, डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात होती आणि मान उजवीकडे पुरेशी वळत नव्हती. तिन्हींपैकी एकही बाब दवाखान्यात बसून काम करताना जाणवली नव्हती. रस्त्यावर मात्र तिन्ही महत्त्वाच्या ठरतात.

आपणही पुन्हा मोटारसायकलवर बसण्याच्या विचारात असाल, तर प्रथम ही तपासणी करून घ्यावी. सुरुवातीच्या मोतीबिंदूत दिवसा दृष्टी ठीक वाटते. समोरून येणाऱ्या दिव्यांचा प्रकाश मात्र डोळ्यांत पसरतो आणि त्यातून सावरायला वेळ लागतो. म्हणून पन्नाशीनंतर रात्रीचा घाट टाळलेला बरा. मान वळत नसेल, तर आरशात न दिसणारे वाहन नजरेतून निसटते. रोजच्या व्यायामाने यात बराच फरक पडू शकतो. तोल पाहण्यासाठी भिंतीजवळ एका पायावर दहा सेकंद उभे राहून पाहावे. ते जमत नसेल, तर दोनशे किलोच्या आसपासची गाडी सिग्नलला एका पायावर पेलण्याची घाई करू नये. हलकी आणि कमी उंचीची गाडी निवडण्यात कमीपणा नाही.

औषधांकडेही लक्ष द्यावे. सर्दीच्या अनेक गोळ्यांनी झोप येते. रक्तदाबाचे औषध नवे सुरू झाले असेल किंवा मात्रा वाढवली असेल, तर काही दिवस उठताना चक्कर येऊ शकते. इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये. निघण्यापूर्वी साखर तपासावी आणि खिशात ग्लुकोज ठेवावे. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर डोक्याला लागलेला किरकोळ वाटणारा मारही रुग्णालयात दाखवावा, कारण आतला रक्तस्राव काही तासांनी प्रकट होऊ शकतो. वारंवार लघवीला थांबावे लागते म्हणून पाणी पिणे सोडू नये, थांबे वाढवावेत.

माळ्यावरचे जुने हेल्मेट काढून पुसून घेऊ नये. त्याच्या आतला मार शोषणारा थर काळाने निकामी होतो. आय.एस.आय. चिन्हाचे, डोक्याला घट्ट बसणारे आणि हनुवटीखाली पट्टा लावलेले नवे हेल्मेट दोघांनाही हवे. मागे बसणाऱ्या स्त्रीने पदर किंवा ओढणी आवरून घ्यावी. रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ झालेली असू शकतात आणि साध्या पडण्यानेही मनगट वा खुबा मोडतो.

यानंतरचा भाग सरावाचा. तीन आठवडे मी रोज पहाटे एका मोकळ्या मैदानावर गेलो. वेग वाढवायचा आणि ठरलेल्या दगडापाशी थांबायचे, एवढाच अभ्यास. गाडी थांबवताना भार पुढे झुकतो, म्हणून थांबवण्याचे मोठे काम पुढचा ब्रेक करतो. तो झटक्याने न दाबता क्रमाने दाबावा लागतो. ब्रेक वळणापूर्वी लावावा आणि वळणात नजर रस्ता जिथे जातो तिकडे ठेवावी. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर पुढे जाते. वयाबरोबर आपली प्रतिक्रिया थोडी मंदावते. ही उणीव वेग कमी ठेवून आणि पुढच्या वाहनापासून अंतर राखून भरून काढता येते. पाय विचार न करता योग्य जागी पडू लागल्यावरच मी सराव थांबवला.

जानेवारीत आम्ही दोघे निघालो. या वेळी घाटात दोनदा थांबलो. वर जाताना हवा तीन-चार अंशांनी गार होते आणि बोटांचे सांधे आखडतात. हातमोजे तेवढ्यासाठीही हवेत. ज्या वळणावरून मी परतलो होतो, तेथे गाडी उभी करून पत्नीला ती जागा दाखवली. तिने दरीत धोमचे पाणी पाहिले, काही बोलली नाही. भिलारमध्ये घराघरांत मांडलेली पुस्तके चाळली, स्ट्रॉबेरी घेतली आणि दुपारी अडीचलाच परतीला लागलो, म्हणजे अंधारापूर्वी घर गाठता आले.

वाचकहो, तारुण्यातली आठवण आपल्याला पुन्हा गाडीवर बसवते. रस्त्यावर मात्र आजचे डोळे, आजची मान आणि आजचे पाय कामाला येतात. त्यांची ओळख करून घेण्यात एक महिना गेला तरी चालेल, आणि कधी अर्ध्या वाटेवरून परतावे लागले तर खुशाल परतावे. घाट कोठे जात नाही.