जुनैरा की झुनैरा?

शाळा सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता, आणि माझी भाची रडत घरी आली. भाची म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी, यंदा पहिलीत गेलेली. वर्गातली मुलं तिला 'जून, जुलै, ऑगस्ट' म्हणून चिडवत होती. "फुप्पू, बाई भी मेरे कू जून बोलते," ती म्हणाली.

दोष बाईंचा नव्हता, माझा होता.

अकीक्याच्या दिवशी भावाने जन्मनोंदणीचा कागद माझ्यापुढे ठेवला होता. "आपा, तू बी.एड. केलंस, उर्दू-मराठी दोन्ही शिकवतेस, तूच लिही." मी ऐटीत लिहिलं, जुनैरा. माझा हिशेब सरळ होता. जमीन, जोर, जुलूम, बाजार, नमाज, रोजा हे सगळे शब्द मराठीने आपलेसे केले, कुठे टिंब दिलं? मराठी माणूस 'जुलूम' बरोबरच वाचतो. पण ओळखीचा शब्द तो कानाने वाचतो. अनोळखी नाव समोर आलं की जहाजातला ज घ्यायचा की जूनमधला, हे कागद सांगत नाही. त्या 'ज'वरूनच पुढे इंग्रजी रकान्यात जे बसला, आणि एका कागदावरचा जे सगळ्या कागदांवर गेला.

भाऊ म्हणाला, झ कर. हल्ली झोया, झारा असंच लिहितात. मला तो झ खुपतो, झाडाचा झ आहे तो. शिवाय पुढे इ आला की मराठी जीभ वळतेच. जिल्हा आणि जिद्द हे मुळात उर्दूतले ज़िला आणि ज़िद, मराठीत त्यांचा ज पार बदलला. मर्जी आणि काजी यांचंही तेच.

हा वाद चालू असताना चऱ्होलीतल्याच एका बुजुर्ग मौलानांनी आणखी एक पेच टाकला. ते म्हणाले, "बेटी, हे नाव झुनैरा नाहीच, झिन्नीरा आहे." हजरत झिन्नीरा (रजि.) मक्केतल्या गुलाम स्त्री होत्या. सुरुवातीच्या काळातच त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि त्यासाठी फार छळ सोसला. हजरत अबूबक्र (रजि.) यांनी त्यांना विकत घेऊन मुक्त केलं. त्यांची दृष्टी गेली तेव्हा कुरैश म्हणाले, लात आणि उज्जाने डोळे नेले. त्यांनी ते साफ नाकारलं, आणि अल्लाहने दृष्टी परत दिली, असं सीरतच्या ग्रंथांत येतं.

मी घरी येऊन उर्दूत नाव लिहून पाहिलं. जे, नून, ये, रे, हे. जेर-जबर-पेश न देता लिहिलं तर झुनैरा वाचा नाहीतर झिन्नीरा, अक्षरं तीच. उर्दूत ज चुकत नाही पण स्वर दिसत नाहीत, मराठीत स्वर दिसतात आणि ज फसवतो. मी दोन्ही लिप्या शिकवते आणि दोन्हींत फसले! नावांच्या पुस्तकात 'जन्नतचं फूल' असा अर्थ छापलेला होता, त्यावर आम्ही सगळे खूश होतो. अरबी कोशात मला तो मिळाला नाही.

आता अशी नावं घरोघरी आहेत. २०१७ साली सोहा अली खानच्या मुलीचं नाव इनाया ठेवलं गेलं, त्यानंतर माझ्या हजेरीपटातही इनाया आल्या. त्या नावाच्या सुरुवातीचा ऐन कुणीच उच्चारत नाही, मीही नाही.

अम्मीला झिन्नीरा पसंत पडलं. भावजय मात्र ठाम होती. "सहा वर्षं ज्या नावाला ती ओ देते, ते तिचं नाव." मला तिचं पटलं. सहाबियांची हकीकत मुलीला सांगायची, पण नाव झुनैराच ठेवायचं आणि इंग्रजीत झेड करून घ्यायचा, असं ठरलं. भावाने त्यासाठी चाकणच्या कंपनीतल्या दोन पाळ्या बुडवल्या. अर्जावर झ मीच लिहिला, नाक मुरडत.

मी तिच्या बाईंना भेटून नाव म्हणून दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून त्या नीट हाक मारू लागल्या. एवढंच आधी केलं असतं तर? भाची मात्र वहीवर अजून 'ज'च काढते. झ काढायला वेळ लागतो म्हणे.