चिंगीचा करार

चिंगी आमची कुत्री, विंझरची. भातकापणीच्या दिवसांत आमच्या खाचराच्या बांधावर सापडलेली. तिची आई नसरापूर-वेल्हे रस्त्यावर गाडीखाली गेली होती. लेकीनं तिला उचललं, बायकोनं दूध पाजलं आणि मी खोक्यात घालून आंबेगाव बुद्रुकच्या भाड्याच्या फ्लॅटवर आणली. वेल्हे तालुक्यातल्या (आता त्याला राजगड तालुका म्हणायचं) कितीतरी घरांचं एक टोक कात्रज, धायरी, आंबेगावात असतं. तसंच आमचंही.

करार अकरा महिन्यांचा, लिव्ह अँड लायसन्सचा. एजंट लॅपटॉप घेऊन घरी आला होता, अंगठे घेतले, फोटो काढले, गेला. इंग्रजीतली ती पानं मी वाचली नव्हती. भाडं, डिपॉझिट आणि पुढच्या वर्षीची वाढ, एवढंच बघितलेलं. पाळीव प्राणी ठेवायचा नाही अशी अट त्यात आहे हे चिंगी आल्यावर कळलं. कळल्यावर मी कागद फाइलमध्ये परत ठेवला आणि फाइल माळ्यावर.

मग सुरू झाली लपवालपवी. चिंगीला खाली न्यायचं ते उजाडायच्या आत किंवा सगळे झोपल्यावर. बेल वाजली की तिला बाथरूममध्ये ढकलायचं. आम्ही दोघं कामावर, लेक शाळेत. ती दिवसभर एकटी. ती रडायची, मग भुंकायची. मी आल्यावर पेपराची सुरळी करून तिला फटके द्यायचो. कोंडलेलं कुत्रं भुंकणारच, हे गावात वाढलेल्या माणसाला कुणी सांगायला नको. पण गावात मी कोंडलेलं कुत्रं पाहिलंच नव्हतं.

घरमालक एकदा गळती बघायला आले. लेकीला पढवून ठेवलं होतं, “मामाची कुत्री आहे, उद्या जाणार.” तिनं ते इतकं बेमालूम म्हटलं की मालकांनी तिला चॉकलेट दिलं. त्या दिवशी मला तिचं कौतुक वाटलं होतं. तेव्हा ती तिसरीत होती.

याहून वाईट गोष्ट कुणाला दिसत नव्हती. महापालिकेचा कुत्र्याचा परवाना मी काढला नाही, कारण त्यावर पत्ता लागतो. रेबीजची पहिली लस दिली, पण ती दर वर्षी द्यावी लागते, ते टाळलं. डॉक्टरांनी नसबंदीचं सांगितलं होतं. ऑपरेशननंतर कॉलर घातलेली कुत्री जिन्यातून कशी न्यायची, म्हणून तेही पुढं ढकललं. चिंगी आहे असं सांगणारा एकही कागद मला नको होता.

शेवटी सोसायटीची नोटीस आली. मी एका मित्राकडून भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना मिळवल्या आणि सेक्रेटरींसमोर वाचून दाखवल्या. बहुमतानं ठराव केला तरी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. भुंकणं हे कारण चालत नाही. लिफ्ट नाकारता येत नाही. केरळ उच्च न्यायालयानं 2021 मध्ये अशा बंदीच्या पाट्याच बेकायदा ठरवल्या, तेही ऐकवलं. सेक्रेटरी गप्प बसले. मी जिन्यावरून शीळ घालत वर आलो.

त्यांनी फक्त मालकांना फोन केला.

सोसायटीला काय करता येतं आणि मालकाला काय करता येतं, हे दोन वेगळे प्रश्न होते. माझ्याकडचं उत्तर पहिल्याचं होतं, भांडण दुसऱ्याचं. मालकाशी मी स्वतः, अंगठा देऊन करार केला होता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 24 प्रमाणे मुदत संपल्यावर लायसन्सवाल्यानं जागा सोडायची. नाही सोडली तर दुप्पट दरानं पैसे. मालकांना भांडायचीही गरज नव्हती. त्यांनी करार पुढं वाढवला नाही, बस. आधी विचारलं असतं तर ते नाहीच म्हणाले असते असं मला अजूनही वाटतं. पण मग आम्ही दुसरं घर तरी वेळेत शोधलं असतं.

घर मिळेना, तेव्हा मी सगळे करतात तेच केलं. चिंगीला विंझरला सोडली. तिकडचीच तर आहे, असं म्हणत. आई ओट्यावरून बघत होती. म्हणाली, “आरं, ही काय गावची राहिलीय व्हय?”

राहिली नव्हती. तिला बाकीच्या कुत्र्यांच्या हद्दी माहीत नव्हत्या. पहिल्याच आठवड्यात कान फाटला. रस्त्यावर गाडी आली की ती बाजूला व्हायच्या ऐवजी तिथंच बसायची. अंधार पडल्यावर बिबट्याच्या भीतीनं आमच्याकडची कुत्री घराला चिकटून असतात, ही मात्र अंगणात आकाशाकडं बघत उभी. आई तिला पडवीत घेऊ लागली, स्वयंपाकघर आणि देवघर सोडून. मग ती माजावर आली. दोन महिन्यांनी पडवीत पिल्लं.

“तुजी कुत्री तू ने,” आई फोनवर म्हणाली, “पिल्लांचं मी बघते, पन फुडच्या टायमाला न्हाई.”

पिल्लं आईनं ओळखीपाळखीत दिली. त्यातलं एक रस्त्यावरच गेलं, आपल्या आजीसारखं. चिंगीची नसबंदी झाली, लस झाली, परवान्यावर तिचा फोटोही आहे. तिला सोबत घेऊनच मी घरं बघितली आणि बहुतेकांनी दारातूनच परत पाठवलं. धायरीच्या एका मालकीणबाई एका महिन्याच्या जादा डिपॉझिटवर तयार झाल्या. या वेळी करार लेकीनं मोठ्यानं वाचला, अडखळत, एजंट घड्याळ बघत असताना. कुत्रीचं नाव अटीत घालता येईल का, असं तिनं विचारलं. एजंट म्हणाला, तसा रकाना नाही. मग त्यानं शेवटी एक ओळ टाइप केली, “एक देशी मादी, नसबंदी झालेली, मालकांच्या संमतीने.”