दादांची क्लच प्लेट

वार्षिकासाठी काही लिहून पाठवावे असे गुरुजींचे पत्र आले, तेव्हा एखादे प्रवासवर्णन पाठवावे असा माझा बेत होता. परंतु इंग्लंडातील प्रेक्षणीय स्थळांची वर्णने मजहून चांगली लिहिणारे पुष्कळ आहेत. म्हणून ज्या गोष्टीने गेल्या वर्षीचे माझे दोन महिने खाल्ले, तीच सांगतो. ती म्हणजे एका जुन्या मोटारीचा क्लच.

मोटार जपानातील माझदा कंपनीची, एमएक्स-५ ह्या नावाची. आसने दोनच, वर कापडी छत. हा नमुना १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात प्रथम लोकांपुढे आला. माझी गाडी १९९० ची. एंजिन १.६ लिटरचे, शक्ती सुमारे ११५ अश्वशक्ती. आजच्या मानाने हे काही फार नव्हे. पण गाडी वजनाने हलकी असल्यामुळे वळणावर ती चालकाच्या मनातले जणू आधीच ओळखते. जुनी म्हणून स्वस्त मिळाली आणि मी भाळलो. आम्ही राहतो ते शेफील्ड शहर टेकड्यांवर वसलेले आहे. आमची गल्ली तर जिन्यासारखीच उभी. मी कामावर ट्रामने जातो. गाडी रोज वापरते माझी पत्नी. ती रुग्णालयात परिचारिका आहे व रात्रपाळीला तिला दुसरे वाहन सोईचे नाही.

एका रविवारी शेफील्डहून ग्लॉसॉपकडे जाणाऱ्या 'स्नेक पास' नावाच्या घाटात आम्ही दोघे निघालो होतो. चढावर चौथा गिअर टाकून पाय दाबला, तो एंजिनाचा आवाज एकदम वर गेला, गाडी मात्र होती त्याच वेगाने चालली. पाठोपाठ जळकट वास आला. ज्या विद्यार्थिमित्रांना मोटारीची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. एंजिनाच्या टोकाशी फ्लायव्हील नावाचे जड लोखंडी चक्र सदैव फिरत असते. त्याच्या व प्रेशर प्लेटच्या मध्ये क्लच प्लेट घट्ट दाबलेली असते, आणि केवळ घर्षणाच्या बळावर एंजिनाची गती चाकांकडे जाते. प्लेट झिजली की पकड सुटते आणि शक्तीची नुसती उष्णता होते. आमचे तेच झाले होते.

आता नवा क्लच कोणता घ्यावा? येथे माझी मती फिरली. शर्यतीच्या गाड्यांत घालतात तसली, सहा पाकळ्यांवर धातुमिश्रित घर्षणद्रव्य बसविलेली प्लेट आणि अगदी हलके फ्लायव्हील मी मागविले. हलक्या चक्राचा गुण खराच आहे. पाय दाबताच एंजिन झटकन वेग घेते, कारण फिरवावयाचे ओझे कमी होते. त्यातही परिघाजवळचे वजन घटविले तर लाभ मोठा. तेच वजन मध्यापासून दुप्पट अंतरावर असेल तर त्याचा विरोध चौपट होतो. हे सारे मी पत्नीला मोठ्या उत्साहाने समजावून सांगितले. ती झोपाळलेली होती. "बरे," एवढेच म्हणाली.

पेटी घरी आली त्याच आठवड्यात माझे वडील भारतातून आमच्याकडे राहावयास आले. वडिलांना आम्ही भावंडे दादा म्हणतो. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, एका ट्रकच्या गॅरेजात त्यांनी पस्तीस वर्षे मिस्त्री म्हणून काम केले. त्या कमाईवर मी आपल्या शाळेत शिकलो. येथे एक गोष्ट लिहिली पाहिजे. आठवीत असताना माझी फी थकली होती. दादा दुपारच्या सुट्टीत कामाच्याच कपड्यांत ती भरावयास आले. सदऱ्यावर तेलाचे डाग, नखांत काळे ग्रीस. मजबरोबर वर्गातील चांगल्या घरची मुले उभी होती. मी प्रार्थनामंदिराच्या भिंतीआड झालो आणि दादा फाटकाबाहेर जाईपर्यंत तेथेच राहिलो. हे मी त्यांस कधी सांगितले नाही. वार्षिकाचा अंक ते दरवर्षी पहिल्या पानापासून वाचतात, हे ठाऊक असूनच येथे लिहीत आहे.

दादांनी पेटी उघडली, हलके फ्लायव्हील एका हाताने उचलले आणि म्हणाले, "हे चाक आहे का ताट?" मी पुन्हा चौपटीचे गणित मांडले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, "ही गाडी रोज चालवतं कोण?"

मी उत्तर दिले नाही. दादा सूनबाईंबरोबर गाडीत बसून गल्लीच्या चढावर दोन वेळा जाऊन आले. आल्यावर त्यांनी मला जे सांगितले ते मी कोणत्याही पुस्तकात इतक्या सोप्या रीतीने वाचले नव्हते. चढावर थांबलेली गाडी हलवायची तर चक्रात साठलेली गतीच आधी उपयोगी पडते. चक्र हलके तर साठा थोडा, आणि पाय जरा चुकला की एंजिन बंद. जड चक्र प्लेटची उष्णताही शोषून घेते. पाकळ्यांची प्लेट एक तर धरते नाही तर सोडते, मधले तिला माहीत नाही. आणि चढावर तर सारे काम त्या मधल्यातच असते. शिवाय तिची प्रेशर प्लेट कडक, म्हणजे पायाला जड. "रातभर उभी राहून आलेली बाई ते दाबणार आहे," दादा म्हणाले. मला वाईट वाटले. गणित माझे बरोबर होते. फक्त त्यात ती कोठेच नव्हती.

पेटी परत गेली. येण्याजाण्याचा खर्च अंगावर पडला, तो असो.

मात्र दादांचेही सारेच मी मानले असे नाही. जुन्याच प्लेटला नवे अस्तर रिव्हेट करून बसवावे, असा त्यांचा आग्रह होता. गॅरेजात ते तसेच करीत. पण प्लेटच्या मध्यभागी धक्के सोसणाऱ्या स्प्रिंगा असतात, त्याही सैल झाल्या होत्या. ते पाहून त्यांनी हट्ट सोडला. फ्लायव्हीलवर निळे डाग होते, म्हणजे ते फार तापलेले होते. दादांनी त्यावर पोलादी पट्टी उभी धरली, मागे दिवा ठेवला. मध्ये उजेडाची फट दिसली. तोंड खोलगट झाले होते. पातळ करीत गेलेले बिडाचे चक्र वेगात फुटले तर पत्रा फाडून बाहेर येते, म्हणून ते फार खरडू नये, असे त्यांनी बजावले.

तेव्हा मी माझा तोडगा पुढे केला. १९९३ पासून माझदाने ह्याच गाडीत १.८ लिटरचे एंजिन घातले, व त्याबरोबर क्लचचा व्यास २०० मिलिमीटरचा २१५ केला. त्या मोठ्या एंजिनाचे फ्लायव्हील आमच्या एंजिनाला बसते. मात्र जुन्या फ्लायव्हीलवर मोठा क्लच बसत नाही, जोडी एकत्रच बदलावी लागते. दाब न वाढविता पकड वाढते ती अशी, नुसत्या व्यासाने. दादा थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "हे बरं आहे." भंगारातून तसले फ्लायव्हील मिळाले, एका कारखान्यात त्याचे तोंड जरुरीपुरते घासून सपाट करून घेतले. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग नवी, कंपनीच्या साध्या मापाची घेतली.

बसविण्याचे काम दोन दिवस चालले. ह्या गाडीत गिअरपेटी मागच्या डिफरन्शियलशी एका लांब ॲल्युमिनियमच्या तुळईने जोडलेली असते. ती काढल्यावाचून पेटी खाली येत नाही. इतके उघडलेच आहे तर एंजिनाच्या मागच्या टोकाचे तेल अडविणारे सीलही बदल, असे दादांनी सांगितले. काही पौंडांचे सील गळले तर नव्या प्लेटवर तेल जाऊन पुन्हा पहिल्यापासून आरंभ. प्लेट मधोमध धरण्यासाठी प्लास्टिकची एक कांडी मिळते. दादांनी ती तिरस्काराने बाजूला ठेवली, नजरेने प्लेट बसविली, आणि मी पाठ फिरविताच कांडी घालून पाहिली. ती सरळ आत गेली. मी पाहिले नाही असे दाखविले.

पहिली फेरी सूनबाईंनीच केली. गल्लीच्या मध्यावर, सर्वांत उभ्या जागी, दादांनी तिला गाडी थांबवावयास सांगितली. मी फाटकातून पाहत होतो. गाडी क्षणभर तशीच राहिली आणि मग आवाज न चढविता वर गेली.

जुनी प्लेट मी कचऱ्यात टाकणार होतो. दादांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळून आपल्या सामानात घातली. विमानतळावर तिचे वजन जास्त भरले म्हणून त्यांनी दोन स्वेटर काढून मजजवळ दिले. घरी ती न्हाणीच्या बाहेर खिळ्याला टांगली आहे, असे आईने कळविले आहे.

— एक माजी विद्यार्थी