निष्ठा उसनी नसते

खजराना गणेशाचं मंदिर आणि नाहरशाह वलींचा दर्गा इंदूरच्या ज्या वस्तीत आहे, तिथल्या कुणी अर्जेंटिनाच्या फुटबॉल संघासाठी टीव्हीसमोर जागावं, याला उसनं प्रेम म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. निष्ठा जन्मगावच ठरवत असतं, तर चिपळूणच्या सुमित्रा महाजनांना इंदूरने १९८९ ते २०१४ सलग आठ वेळा लोकसभेत पाठवलं नसतं. इंदुरात जन्मलेला सलमान खान मुंबईच्या पडद्याचा झाला नसता. राजकारणात कामाचा हिशेब मागता येतो, आणि दर निवडणुकीत तो मागायलाच हवा. खेळात कसला हिशेब, असं कुणी विचारेल. तिथे हिशेब सोबतीचा. १९८६नंतर विश्वचषक अर्जेंटिनाकडे यायला २०२२ उजाडलं. ती ३६ वर्षं पराभव सोसत जे थांबले, त्यांना परके कसं म्हणणार?